फ्लॉपीतली यादी

बंद कपाटात वर्षानुवर्षं कोंडलेल्या कागदांना एक वास येतो. जुनी शाई, झुरळं, डांबरगोळ्या आणि खालच्या खणातला उंदरांचा संसार, असं सगळं मिळून. परवा आमच्या क्लासच्या मोठ्या सरांचं लोखंडी कपाट उघडलं तेव्हा तो वास थेट रिसेप्शनपर्यंत गेला आणि ॲडमिशनसाठी बसलेल्या पालकांनी नाकाला रुमाल लावले. मोठे सर जाऊन तीन वर्षं झाली. आता क्लास आम्ही चौघं मिळून चालवतो, फिजिक्स माझ्याकडे. कपाटाच्या जागी कारंजं बसवायचं ठरलंय. काचेचं, खालून निळा उजेड पडणारं. ज्या लातुरात माणसांनी उन्हाळ्यात घागरी रांगेला लावून टँकरची वाट पाहिली, तिथे क्लासच्या दारात कारंजं. किळस येते. ठरावावर माझीही सही आहे, म्हणून जरा जास्तच येते.

कपाटातून सगळा जप्तीचा माल निघाला. पोरांकडून जे काही सापडेल ते सर या कपाटात टाकायचे आणि कुलूप लावायचे. एक वॉकमन, क्रिकेटवाल्यांची चित्रं, हातात मावेल एवढा आरसा, वहीत वाळून काळा पडलेला मोगऱ्याचा गजरा. आणि तळाशी एक काळी फ्लॉपी. तिच्या लेबलवर निळ्या पेनानं, माझ्याच तेव्हाच्या नेटक्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘मार्क्स, बॅकअप’. तिच्यात मार्क्स कधीच नव्हते. तिच्यात एक गेम होता.

ती लगेच खिशात टाकायला हवी होती. मी टेबलावर ठेवली, आणि त्याच दुपारी दत्ता आला.

दत्ता म्हणजे माझ्या वेळचा हजेरी नंबर चारशे सतरा. मी चारशे अठरा. पंचवीस-सव्वीस वर्षांत आम्ही भेटलो नव्हतो. मुरुडला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो तांब्याची तार भरून पुन्हा चालू करतो, एवढं कानावर होतं. केस पांढरे झालेले, बोटांना व्हार्निशचा वास, आणि सोबत लेक, प्रतीक्षा. नुकतीच दहावी झालेली.

“काय सर, ओळखलं का न्हाई?”

“दत्ता?”

“चारशे सतरा म्हण की. दत्ता म्हणून तू कवा हाक मारल्ती?”

तो खुर्चीत बसला, दाराशी असलेल्याच. पोरीला डॉक्टर व्हायचंय म्हणाला, मुरुडात राहून ते जमायचं नाही, तिच्या मैत्रिणी सगळ्या इथेच येणार. मी त्याला माहितीपत्रक दिलं, त्यावर माझा सूट घातलेला फोटो आहे. तो फोटोकडे आणि माझ्याकडे आलटून पालटून बघून हसला, आणि मग त्याची नजर टेबलावर गेली.

“आरं, ही तर तीच हाय! प्रतीक्षा, हे बघ. ह्याच्यात तुझ्या बापाचा पहिला नंबर हाय.”

“कशात पहिला?” ती म्हणाली.

“गेममंधी. मी कधी खेळलो न्हाई ती गोष्ट येगळी. पर यादीत पहिलाच व्हतो. सरांनी साऱ्या क्लासापुढं वाचून दाखविल्तं.” तो खळखळून हसला. अशा गोष्टीवर माणूस इतकं स्वच्छ हसू शकतो, हे मला बघवेना.

“सर, अजून चालते का ही?” प्रतीक्षानं विचारलं.

“छे. इतकी जुनी. नव्या कंप्युटरवर हे चालत नाही.”

“ह्यो चालवंल,” दत्ता म्हणाला. “कंप्युटरमंधी ह्याचा हात कुणी धरत नव्हतं. आमी रविवारी येताव फॉर्म भरायला. तवर कर काहीतरी. आयुष्यात एकदाच पहिला आलो, पोरीला दाखवायचंय.”

असा तो आठवडा सुरू झाला.

* * *

भूकंपाला चौथं वर्ष लागलं होतं तेव्हा मी नांदेडहून लातूरला आलो. नांदेडात मामाच्या घरी वाढलो होतो, आणि मामाच्या ऑफिसात कंप्युटर आले होते. निघताना मामानं ती फ्लॉपी माझ्या शर्टाच्या खिशात सरकवली. म्हणाला, “अभ्यास करून करून डोकं जड झालं की थोडं खेळत जा. हाव, पण कुणाला सांगू नको.”

क्लासची रांग सकाळपासून रस्त्यावर होती. माझ्या पुढे नायलॉनची पिशवी घेतलेला एक हाडकुळा पोरगा उभा होता. मला तहान लागली होती आणि रांग सोडली तर जागा जाणार होती. तो मागे वळून म्हणाला, “जा, पाणी पिऊन ये. तुझा नंबर मी धरतो.” मी पाणी पिऊन आलो, वर उसाचा रसही पिऊन आलो. तो माझ्या जागी आपली पिशवी ठेवून, मागच्यांच्या शिव्या खात उभा होता. त्याला चारशे सतरा मिळाला, मला चारशे अठरा. त्या दिवसापासून आमची नावं गेली. हजेरीला नंबर, मेसच्या डब्यावर नंबर, खाटेच्या दांडीवर खिळ्यानं कोरलेला नंबर. पोरं भांडतानाही एकमेकांना नंबरानं शिव्या द्यायची.

त्या दिवसांबद्दल आता लोक गळा काढून बोलतात. आमची जुनी बॅच दरवर्षी कुठल्यातरी हॉटेलात जमते आणि डोळे पुसत म्हणते, काय दिवस होते! मी सांगतो काय दिवस होते. एका खोलीत सहा खाटा, दोरीवर सहा ओले टॉवेल, आणि ते कधीच न वाळल्याचा आंबूस वास. न्हाणीत शेवाळ. पिंपात पाणी कमी आणि डासांची अंडी जास्त. मेसच्या डब्यातली डाळ, जिच्यात सोडा घातलेला कळायचा आणि डाळ कळायची नाही. गल्लीभर झेरॉक्सच्या दुकानांचा तो तापलेल्या कागदाचा वास, जो अजूनही नाकात गेला की मी रस्ता ओलांडून पलीकडे जातो. आणि दर रविवारी संध्याकाळी फळ्यावर लागणारी यादी. परीक्षेचे मार्क्स, त्यापुढे क्रमांक. वरची चाळीस पोरं ‘अ’ बॅचला. पोरं यादीपुढे चपला न घालता धावत यायची, एकमेकांच्या खांद्यांवरून बघायची, आणि जो खाली घसरला त्याच्यापासून दोन दिवस लांब राहायची. देवी निघालेल्या माणसापासून राहावं तशी.

दत्ता सहसा वरच्या पाचांत असायचा. मी त्याच्या खाली. दोन मार्कांनी, तीन मार्कांनी, एकदा अर्ध्या मार्कानं. पण खालीच.

यादी छापायला क्लासनं एक जुना कंप्युटर घेतला होता. त्याची खोली वेगळी. अख्ख्या इमारतीत सतरंजी फक्त तिथे होती, आणि चपला बाहेर काढाव्या लागायच्या. मॉनिटरवर सरांच्या घरून आलेलं कशिद्याचं आच्छादन, वर गणपती, खाली उदबत्ती. वाळ्याचा कूलर. त्या खोलीला जो वास होता, ओला वाळा, उदबत्ती आणि प्रिंटरच्या रिबनची शाई, तेवढाच एक वास मला त्या काळातला परत हवासा वाटतो. मला टाइप करता यायचं म्हणून मार्क्स भरायचं काम माझं, आणि अक्षर वाचण्यात पटाईत म्हणून ते वाचून दाखवायचं दत्ताचं. किल्ली रिसेप्शनच्या खिळ्याला असायची.

त्या कंप्युटरची आतली बॅटरी मेलेली होती. रोज सकाळी चालू केला की आधी तारीख विचारायचा, मग वेळ. काल काय होतं याची त्याला काही आठवण नसायची. मी मोठ्या रुबाबात तारीख टाकायचो, आधी महिना, मग दिवस. आज कोणता दिवस आहे हे मी सांगावं आणि यंत्रानं ते निमूट मानावं, याचं मला फार भारी वाटायचं.

मधल्या सुट्टीत सर जेवायला घरी गेले की मामाची फ्लॉपी बाहेर निघायची. गेम साधा होता. एक ठेंगणा माणूस, हातात फावडं. जमीन खणत खाली जायचं, पिवळे खडे गोळा करायचे. पण खणताना डोक्यावरचा धोंडा मोकळा झाला तर तो घरंगळून खाली येतो आणि माणूस त्याखाली जातो. स्पीकरमधून घुर्रर्र असा आवाज, मग एक छोटी किंकाळी, मग पडदा काळा. शेवटी दहा जणांची यादी. नावासाठी तीन घरं, त्यापुढे गुण, त्यापुढे तारीख. आम्ही दोघं-तिघं खेळायचो. तीन घरांत स्वतःच्या नावाची अक्षरं टाकावीत, एखादी शिवी टाकावी, आवडत्या पोरीचं नाव टाकावं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही नंबर टाकायचो. चोरून खेळायचो आणि पकडायला येणाऱ्याच्या सोयीसाठी स्वतःचा हजेरी नंबर टाकायचो. इतकी हुशार पोरं होतो आम्ही.

दत्ता कधी खेळला नाही. पहिल्या दिवशी मी हौसेनं त्याला दाखवायला गेलो. धोंडा पडला, तो आवाज झाला, आणि दत्ता सतरंजीवरून उठून दाराशी जाऊन उभा राहिला. “बंद कर. मला न्हाई बघवत.” त्याचं गाव भूकंपात गेलं होतं. आई आणि धाकटी बहीण. सकाळ होईपर्यंत हातानं खणत होतो, एवढंच तो एकदा म्हणाला. तेव्हापासून मी खेळत असलो की तो बाहेर पायरीवर पुस्तक घेऊन बसायचा. वर्गातही दाराशीच बसायचा. सर त्याला रागवायचे की पहिल्या बाकावर ये, तर म्हणायचा, इथं बरं हाय.

दरवर्षी तीस सप्टेंबरला तो गावाकडे जायचा. जुन्या गावाच्या जागी बाभळी उगवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी परत यायचा तेव्हा चपलांना काळी माती असायची आणि दिवसभर तो ती झटकायचा नाही.

* * *

लॅपटॉपला फ्लॉपी घालायला तोंडच नाही. गंजगोलाईजवळ रऊफभाईंचं दुकान आहे. त्यांच्या वाडवडिलांचा घड्याळदुरुस्तीचा धंदा, रऊफभाईंनी रेडिओ केले, कंप्युटर केले, आता मोबाइल करतात. क्लासचा तो जुना कंप्युटरही तेच बघायचे. त्यांनी फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण नखानं सरकवून आत पाहिलं.

“बुरशी लागलीय साहब. ये देखो, सफेद. क्या है इसमें?”

“जुना गेम.”

“तो फेको ना. दस हजार गेम मोबाइल में है.”

फेकायलाच हवी होती. पण त्यांनी बोलता बोलता कापसाला स्पिरिट लावलं आणि आतली काळी चकती बोटानं फिरवत फिरवत पुसायला घेतली. मग माळ्यावरून बाहेरून जोडायचा एक फ्लॉपी ड्राइव्ह काढला. पहिल्या चार वेळा काही नाही. पाचव्या वेळी आतून खर्र, खट, खर्र असा आवाज आला. वाळा आणि उदबत्ती थेट नाकात शिरली. “आ गया,” रऊफभाई खूश होऊन म्हणाले.

फाइल लॅपटॉपवर घेतली, उघडली. नव्या सिस्टीमनं मधोमध एक चौकट दाखवली, हा प्रोग्राम तुमच्या संगणकावर चालू शकत नाही. खाली एकच बटण, ठीक आहे. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! सुटलो. रविवारी दत्ताला हीच चौकट दाखवायची आणि हात वर करायचे. खोटं बोलायचीसुद्धा गरज नाही, यंत्रच सांगतंय. दोन दिवस मी या आनंदात वर्ग घेतले.

पण आमच्यासारख्या पोरांना एक खाज असते, ती पन्नाशीकडे झुकलं तरी जात नाही. जे कुणाला येत नाही ते आपल्याला येतं, हे दाखवायची. “ह्यो चालवंल,” दत्ता म्हणाला होता, आणि त्याची पोरगी माझ्याकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्टाफरूमची कडी लावली आणि एक प्रोग्राम उतरवून घेतला. तो नव्या कंप्युटरच्या पोटात जुन्या कंप्युटरचं सोंग वठवतो. काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ. गेम सुरू झाला आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत संपला. माणूस दिसलाही नाही, नुसती किंकाळी. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग लक्षात आलं. त्या काळच्या गेमला स्वतःची गती नव्हती. यंत्र जेवढं पळेल तेवढा तो माणूस पळायचा, आणि आजचं यंत्र त्याला मरेपर्यंत पळवत होतं.

मग मी गती कमी करत बसलो. थोडी, आणखी थोडी, आणखी. दीड तास. इथे ‘फास्ट ट्रॅक’ नावाची बॅच माझ्याकडे आहे, दोन वर्षांचं पोरांच्या डोक्यात सहा महिन्यांत कोंबतो, आणि कडी लावून एका ठेंगण्या माणसाला हळू चाल, हळू चाल म्हणत होतो. एका आकड्यावर त्याची चाल बरोबर जमली. आवाजाचीही जुळणी केली. घुर्रर्र. अगदी तोच. मी एक कळ दाबली आणि दहा जणांची यादी उघडली.

* * *

मोठ्या सरांनी ती फ्लॉपी पकडली तो दिवस असा. कुणीतरी चुगली केली होती. एका सकाळी सर प्रार्थनेनंतर म्हणाले, “कंप्युटरच्या खोलीत काय चालतं ते उद्या बघतो.” आणि दुसऱ्या दिवशी खरंच बघितलं. यादी उघडी ठेवून, सगळ्या ‘अ’ बॅचला उभं करून त्यांनी विचारलं, “चारशे सतरा कोण?” दत्तानं हात वर केला. त्याच सकाळच्या एसटीनं गावाहून आला होता, चपलांना माती तशीच.

“यात पहिला आहेस तू. अभिनंदन.”

पोरं हसली. मीही हसलो.

“सर, मी न्हाई खेळलो. मला ती बघवत बी न्हाई.”

“मशीन खोटं बोलत नाही,” सर म्हणाले.

यादीत खाली माझा आणि आणखी दोघांचे नंबर होते. सरांनी ते वाचलेही नाहीत. त्यांना पहिल्याशिवाय कुणातच रस नव्हता. दर रविवारी ते फक्त पहिल्याला पेढा द्यायचे, तसंच त्यांनी त्या दिवशी फक्त पहिल्याला काढून टाकलं. क्लासमधून आणि हॉस्टेलमधूनही. नंबरापुढे तारीख होती, तीही त्यांनी वाचली नाही, आणि दत्ताला पडद्यापर्यंत जाऊच दिलं नाही. ती तारीख तीस सप्टेंबर होती हे त्या वर्गात एकट्या मला माहीत होतं.

दुपारी मुरुडहून दत्ताचा मामा आला. ट्रंक उचलताना दत्ता मला म्हणाला, “माझी खाट तू घे. खिडकीतून वारं येतंय.” मी घेतली. तिच्या दांडीवर चारशे सतरा कोरलेलं होतं. त्या खाटेवर झोपून मी बारावी झालो, क्लासमध्ये पहिला आलो, आणि माझा फोटो चौकात लागला.

यावर मी एक गोष्ट रचून ठेवली होती. कुणाला सांगितलेली नाही, पण स्वतःला बऱ्याचदा सांगितलेली. ती अशी, की त्या तीस सप्टेंबरला मी फ्लॉपी लपवायलाच गेलो होतो, शेवटचं म्हणून एकदा खेळलो, नंबर टाकताना घाई झाली आणि बोट घसरलं. आठाच्या शेजारीच सात असतो. कुणाचंही घसरलं असतं.

स्टाफरूममध्ये ती यादी माझ्यापुढे होती. पहिला, चारशे सतरा. दुसरा, चारशे सतरा. तिसरा, चारशे सतरा. चौथा, चारशे सतरा. चौघांपुढे एकच तारीख, शून्य नऊ, तीस. आणि पाचवा चारशे अठरा, तारीख आठवडाभर आधीची. म्हणजे त्या सकाळपर्यंत पहिला मी होतो.

बोट चार वेळा घसरत नाही. एका गेमला दहा मिनिटं लागायची. स्वतःच्या नंबरावर दुसऱ्याचा नंबर चार थर चढवायला मला चाळीस मिनिटं लागली असतील, मन लावून, एकदाही वेळेआधी धोंड्याखाली न येता. फ्लॉपी काढून खिशात टाकायला एक क्षण पुरला असता. मी उठून बेसिनवर तोंड धुतलं. आरशात तो माहितीपत्रकावरचा चेहरा होता. मी नळ बंद केला आणि परत यादीपुढे येऊन बसलो.

यादी बदलणं सोपं होतं. फाइल उघडून साताचा आठ करायचा, किंवा तारीख एका दिवसानं सरकवायची. मी ते केलं नाही. मोठेपणा म्हणून नाही. जुना गेम जसाच्या तसा चालवून दाखवला, हे श्रेय मला हवं होतं.

* * *

रविवारी दत्ता आणि प्रतीक्षा अकराला आले. मी त्यांना वर्गात नेलं. तिथे भिंतभर डिजिटल बोर्ड आहे, त्यावर लॅपटॉप जोडला. दत्ता आत आला नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

“तो धोंडा दावू नको,” तो म्हणाला. “नुसती यादी दाव.”

मी कळ दाबली. माणसाएवढ्या उंचीची यादी भिंतीवर आली.

“पप्पा! वरच्या चारी ओळी तुमच्याच!”

“मग,” दत्ता हसला.

“पण हे शेजारी काय आहे? शून्य नऊ, तीस.”

“तारीख,” मी म्हणालो. सवयीनं. कुणी शंका विचारली की तोंडातून उत्तर आपोआप निघतं.

“आधी महिना?” ती बोर्डाच्या जवळ गेली. “म्हणजे तीस सप्टेंबर. पण पप्पा, तीस सप्टेंबरला तर तुम्ही गावाकडं असता ना. आजीच्या अन् आत्याच्या दिवसाला. एकदा बी चुकवलं न्हाई म्हणता तुम्ही.”

दत्ताचं हसू तोंडावर तसंच राहिलं, त्याला ते काढून घ्यायचं सुचलं नसावं. मला तोंड उघडायला तीन-चार सेकंद मिळाले होते. इतक्या वर्षांनी एवढी मोकळी जागा मिळाली होती.

“त्या मशीनची बॅटरी गेलेली होती,” मी म्हणालो. “बॅटरी नसली की कंप्युटर काहीही तारीख दाखवतो. त्यावर विश्वास ठेवायचा नसतो.” आवाज अगदी वर्गातला लागला. प्रतीक्षानं मान डोलावली. ती आत्ताच माझी विद्यार्थिनी झाली होती.

दत्ता चौकट सोडून आत आला. पहिल्यांदाच. बोर्डापुढे उभं राहून त्यानं ओळी वाचल्या, पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या ओळीवर त्याचं व्हार्निशचं बोट टेकलं आणि तिथेच थांबलं.

“बॅटरी गेल्ती, हे खरं हाय,” तो म्हणाला. “म्हणून तर रोज सकाळी तारीख तू टाकायचास.”

त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. प्रतीक्षा एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती.

“दत्ता,” मी म्हणालो.

“सर, सही कुठं करायची तेवढं सांगा.”

आम्ही खाली रिसेप्शनला आलो. कपाट गेलं होतं, भिंतीवर त्याचा चौकोनी डाग होता, आणि तो वास अजून थोडा रेंगाळत होता. मी बोट ठेवलं तिथे त्यानं सही केली. काउंटरवरच्या मॅडमनी शिक्का मारला आणि निळ्या दोरीचं ओळखपत्र पुढे केलं. दत्तानं ते लेकीच्या गळ्यात घातलं, नंबरची बाजू आत वळवली, आणि वरून तिची ओढणी नीट केली.

“नंबर कुणाला सांगू नको,” तो तिला म्हणाला. “सरांना बी न्हाई.”